गोल दिसेपर्यंत

मांडीचं हाड मोडलं की त्यात रॉड टाकतात, एवढं मराठवाड्यात कुणालाही ठाऊक असतं. मोटारसायकलींनी आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी ते घरोघर शिकवलं आहे. पण रॉड टाकण्यातलं अवघड काम कोणतं, हे ओटीच्या दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांना सहसा माहीत नसतं. त्यांना वाटतं, हाडात एवढी लांब सळई घालणं हीच मोठी गोष्ट. सळई तर जाते. अडतं ते तिच्या खालच्या टोकाच्या भोकांपाशी.

रॉड साधारण दहा मिलिमीटर जाडीचा असतो आणि तो हाडाच्या पोकळीतून वरून खाली ठोकत नेतात. दोन्ही टोकांना त्याला आडवी भोकं असतात. त्यांतून स्क्रू आरपार गेले की मोडलेलं हाड रॉडभोवती फिरत नाही, आखूडही होत नाही. वरच्या भोकांसाठी रॉडच्या डोक्याला बाहेरून जिग जोडलेला असतो. त्याच्या नळीतून ड्रिल घातलं की ते बरोबर भोकात उतरतं. खाली हा जिग भरवशाचा राहत नाही. हाडाच्या बाकातून जाताना रॉड आतल्या आत किंचित वाकतो, पिळला जातो आणि बाहेरच्या जिगला त्याचा पत्ता लागत नाही. मग वरून कातडी, तिच्याखाली स्नायू, त्याखाली हाड, आणि हाडाच्या आत पाचेक मिलिमीटरचं भोक. ते न दिसता, न चाचपता गाठायचं.

गेरहार्ट क्युंचर यांनी १९३९ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात हाडात पहिला असा खिळा बसवला, तेव्हा त्याला ही भोकं नव्हती. स्क्रूने अडकवायचे रॉड १९७०च्या दशकात रुळले. तोवर ज्या यंत्रावाचून हे काम होणं कठीण, ते येऊन ठेपलं होतं. फिलिप्सने चाकांवर फिरणारा सी-आर्म १९५५ मध्ये बाजारात आणला होता.

आज चंडीगडची ॲलेंजर्स, म्हैसूरची स्कॅनरे अशा कंपन्या भारतातच सी-आर्म बनवतात. म्हणूनच नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या किंवा लातूरमधल्या मध्यम आकाराच्या हाडांच्या दवाखान्यालाही तो घेता येतो, आणि बाहेरच्या पाटीवर त्याचा उल्लेख आवर्जून केलेला असतो. यंत्राचं वर्णन एका ओळीत संपतं. वाकवलेल्या हाताच्या एका टोकाला क्ष-किरणांची नळी, दुसऱ्या टोकाला ते किरण टिपून पडद्यावर चित्र उमटवणारा भाग आणि दोहोंच्या मध्ये टेबलावर झोपलेला रुग्ण. हात आडवा, उभा, तिरका, हवा तसा फिरतो. तो किती फिरवायचा, यातच सगळी कला आहे.

बांगडी डोळ्यांसमोर सरळ धरली तर गोल दिसते, जराशी कलली की लांबट. रॉडच्या भोकाचंही तसंच. किरण भोकाच्या अक्षातून सरळ गेले तर पडद्यावर पूर्ण वर्तुळ दिसतं, नाहीतर अंडाकृती. सर्जन म्हणतो, "जरा डोक्याकडं घे. अजून थोडं. बास. शॉट." पायाखालचं पेडल दाबलं जातं, पडदा उजळतो. "लांबटच आहे. आता फिरव." शॉट. वर्तुळ पूर्ण झालं की सी-आर्मला कुणी हात लावायचा नाही. मग ड्रिलचं टोक वर्तुळाच्या मधोमध टेकवायचं. टेकवताना ड्रिल तिरपं धरतात, म्हणजे हात किरणांबाहेर राहतो. टोक जागेवर बसलं की ड्रिल हळूहळू किरणांच्या रेषेत आणायचं. नेम बरोबर असेल तर पडद्यावरची ड्रिलची लांब सावली आखडत आखडत ठिपका होते.

इथे थोडं गणित करायला हरकत नाही. लातूर पॅटर्नमधून निघालेलं पोरगं ते कागदावर सहज सोडवील. भोक दहा अंशांनी कललं तर वर्तुळाची रुंदी जेमतेम दीड टक्क्याने घटते. एवढा फरक डोळ्यांना कळणारच नाही. तरी सर्जनला तो कळतो, कारण रॉडच्या दोन्ही भिंतींना भोक असतं आणि त्यांच्यात दहा मिलिमीटरचं अंतर असतं. दहा अंशांच्या कलाने पुढचं भोक मागच्यापासून पावणेदोन मिलिमीटर सरकतं. पाच मिलिमीटरच्या भोकात हे सरकणं ठळक दिसतं. उजेड आरपार येण्याची जागा अरुंद होते आणि दोन्हीकडे टोकदार दिसू लागते. म्हणजे पडद्याकडे बघणारा माणूस वर्तुळ बघतोय असं म्हणत असला, तरी तो खरं तर दोन वर्तुळं एकमेकांवर बसली का ते बघत असतो. शस्त्रक्रियेच्या पुस्तकात हे तंत्र 'परफेक्ट सर्कल' म्हणून एका परिच्छेदात उरकलेलं असतं. हाताला ते बसायला मात्र बऱ्याच मांड्या आणि नडग्या लागतात.

हीच भूमिती दुसऱ्या एका ओटीत, दुसऱ्या डॉक्टरच्या हातात भेटते. मुतखडा मराठवाड्यात कुणाला होत नाही? उन्हाळ्यात तर रुग्णांची रांगच लागते. मोठा खडा असेल तर पाठीतून मूत्रपिंडापर्यंत वाट करून, दुर्बीण घालून तो फोडून काढतात. फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन या स्वीडनच्या डॉक्टरांनी १९७६ मध्ये ही पद्धत मांडली. तिचा पाया म्हणजे पहिली सुई. मूत्रपिंडाच्या आत पेल्यासारखे लहान कप्पे असतात, त्यांपैकी नेमक्या कप्प्यात ती शिरली पाहिजे. चुकली तर रक्तस्राव, आणि पुढची सगळी वाट वाकडी. रुग्णाला पालथं झोपवतात. लघवीच्या मार्गाने खालून नळी घालून औषध सोडतात, म्हणजे कप्पे पडद्यावर उमटतात. सी-आर्म सर्जनच्या बाजूला साधारण तीस अंश कलवतात आणि सुई अशी धरतात की तिचं टोक, मागची मूठ आणि आतला कप्पा एकाच ठिपक्यात दिसावेत. दिशा ठरली. पण सुई किती खोल गेली, हे त्या ठिपक्यात मुळीच कळत नाही. त्यासाठी सी-आर्म पुन्हा सरळ करून बाजूने बघावं लागतं. शेवटचा पुरावा तर पडद्यावर नसतोच. आतली तार काढल्यावर सुईतून लघवीचा थेंब आला की कप्पा सापडला.

एका चित्रात दिशा मिळते, खोली हरवते. खोली बघायला गेलं की दिशा हातची सुटते. यंत्र मागे-पुढे फिरवत राहण्याचं कारण एवढंच आहे आणि त्याची किंमत किरणांच्या रूपात ओटीतल्या प्रत्येकाला मोजावी लागते. रुग्ण त्या टेबलावर एकदा येतो. सर्जन, सिस्टर आणि टेक्निशियन मात्र रोज तिथेच असतात. शिशाचा ॲप्रन, गळ्याला पट्टा, छातीवर किरणांचा हिशेब ठेवणारा बिल्ला. दर तीन महिन्यांनी तो बिल्ला मोजणीला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० अशी आहे. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई होतो, हे ओटीत सगळ्यांना पाठ असतं. पण ड्रिल धरणाऱ्याला अंतर कुठून मिळणार? मे महिन्यात ॲप्रन चढवून तीन केस लागोपाठ करून आलेल्या माणसाला हे कुणी ऐकवूही नये.

कॉम्प्युटर इथे कामाला येतो. त्याचा जुना, नावाजलेला प्रयोग गुडघ्यावर झाला. जानेवारी १९९७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात कॉम्प्युटरच्या दिशादर्शनाने कृत्रिम गुडघा बसवला गेला. हाडावर आणि हत्यारावर चकाकत्या गोळ्या लावायच्या आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्यांनी त्या कुठे आहेत ते सतत बघत राहायचं. हाड कुठे, करवत कुठे, कोन किती, हे सगळं पडद्यावर आकड्यांत येतं. पुढे हाच प्रकार सी-आर्मच्या चित्रांवरही झाला. दोन-तीन शॉट घेऊन ठेवायचे आणि मग किरणं बंद करून त्या जुन्या चित्रांवर हत्याराची चालती रेघ बघत काम करायचं. कल्पना सुंदर आहे. अडचणीही आहेत. कॅमेरा आणि गोळ्या यांच्यामध्ये कुणी उभं राहिलं की चित्र गोठतं आणि रुग्ण जरासा हलला तर सगळं पुन्हा जुळवावं लागतं. गुडघ्याचा कोन अधिक अचूक साधतो, हे खरं. त्यामुळे रुग्णाचं चालणं किती सुधारतं, यावर मात्र हाडांच्या डॉक्टरांमध्येच अजून दुमत आहे.

मला विचाराल तर गुडघ्याचा रोबोट हा या भागाचा तातडीचा प्रश्न नाही. ज्यांना तो हवा असतो ते नांदेडहून हैदराबादला, लातूरहून पुण्याला जातात. नांदेड-लातूरच्या टेबलावर येतात ते अपघात आणि मुतखडे, आणि तेही फक्त आपल्या जिल्ह्यांतले नाहीत. आदिलाबाद, निजामाबाद, यवतमाळ, हिंगोलीचे लोक नांदेडला, तर बीदर आणि धाराशिवचे लातूरला येतात. लातूरची रुग्णालयं म्हटलं की किल्लारीचा भूकंप आठवतो. डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये सुरू केलेल्या विवेकानंद रुग्णालयाची आठवणही त्या ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेशिवाय निघत नाही. पण हाडाच्या डॉक्टरांचा हात घडतो तो भूकंपाच्या एका पहाटेत नव्हे, रोजच्या रस्त्यावर.

पैशाची बाजूही आहेच. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होतं. लातूरसह बाकीचं राज्य पुढच्या वर्षी आलं. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. योजनेत शस्त्रक्रियेचं पॅकेज ठरलेलं असतं. त्यात सी-आर्म बसतो, इन्फ्रारेड कॅमेरे बसत नाहीत. शिवाय ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले आणि त्यांत १२ नवजात बाळं होती. तेव्हा राज्यभर चर्चा झाली ती औषधं आणि रिकाम्या पदांची. नांदेडमध्ये बसून नव्या यंत्रांविषयी लिहिताना हे नजरेआड करता येत नाही.

अमेरिकेतल्या 'साइन' या संस्थेने १९९९ पासून अगदी उलटी वाट धरली. तिचा रॉड भरीव असतो. बाहेरचा जिग आणि खाच शोधणारं एक साधं हत्यार यांच्या जोरावर तो सी-आर्मशिवाय बसवता येतो. गरीब देशांतल्या हजारो रुग्णांना तो लाभला आहे. पण ज्या गावात सी-आर्म आधीच पोचला आहे, तिथे त्याच्याच चित्रातून आणखी काही काढता येतं का, हा प्रश्न मला जास्त जवळचा वाटतो.

त्याचं निम्मं उत्तर विष्णुपुरीतच आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि १९८१ मध्ये स्थापन झालेली श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था, दोन्ही तिथेच. या अभियांत्रिकी संस्थेतल्या प्रा. मनेश कोकरे यांच्या गटाने, प्रसन्न पोरवाल आणि इतर संशोधकांनी, डोळ्यांच्या डॉक्टरांबरोबर 'आयडीआरआयडी' हा चित्रसंच तयार केला. नांदेडमधल्या एका नेत्र दवाखान्यात मधुमेही रुग्णांच्या दृष्टिपटलाचे जे फोटो काढले गेले, त्यांतले ५१६ निवडले. प्रत्येक फोटोवर आजाराची पायरी नोंदवली. ८१ फोटोंत तर रक्ताचे ठिपके आणि चरबीचे डाग एकेका बिंदूपर्यंत रेखून दाखवले. एप्रिल २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत या संचावर जगभरातल्या गटांची स्पर्धा झाली. पुढे याच गटाकडून ४६ प्रकारच्या दोषांचा, ३,२०० फोटोंचा दुसरा संचही आला.

यात हत्याराचा संबंध कुठे? प्रत्येक फोटोत दोन बिंदूंचे निर्देशांक दिले आहेत. एक दृष्टिचेतेच्या चकतीचा मध्य आणि दुसरा फोव्हिआ, म्हणजे जिथून आपण अक्षर वाचतो तो बिंदू. मधुमेहात दृष्टिपटलावर लेझर मारतात तेव्हा सगळी काळजी हा बिंदू वाचवण्याची असते. तिथे लेझर लागला तर मधली नजर कायमची जाते. जर्मनीत बनलेलं 'नॅव्हिलास' हे यंत्र आधी फोटोवर लेझरचा आराखडा ठरवतं आणि डोळा हलला तरी नेम धरून ठेवतं. फोव्हिआ कुठे आहे हे कॉम्प्युटरला शिकवणं ही त्या कामाची पहिली पायरी, आणि तिची पाटी-पेन्सिल नांदेडची आहे.

तेच रॉडच्या भोकाला लागू पडावं. दोन वर्तुळं किती सरकली यावरून यंत्र किती अंश आणि कुठल्या बाजूला फिरवायचं, हे एकाच शॉटमधून काढता येतं. त्याला चकाकत्या गोळ्या लागत नाहीत, दुसरा कॅमेराही नाही. 'डोक्याकडं चार अंश' एवढं पडद्याच्या कोपऱ्यात उमटलं तरी प्रत्येक केसमागे बरेच शॉट वाचतील. रॉडची जाडी आणि भोकाचा व्यास पाकिटावर छापलेला असतोच. शोधावं लागेल ते भोकाच्या कडा ओळखणं. हाडाच्या सावलीत, कमी किरणांच्या धुरकट चित्रात त्या कडा चटकन सापडत नाहीत आणि त्या ओळखायला कॉम्प्युटरला हजारो चित्रं दाखवावी लागतील. त्यांत चुकलेली, लांबट भोकांची चित्रंच अधिक हवीत.

डोळ्यांच्या दवाखान्यात फोटो हाच अहवाल असतो, म्हणून २००९ पासूनचे फोटो जपलेले होते आणि त्यातून संच उभा राहिला. सी-आर्मचं तसं नाही. ओटीत सुरुवातीचं एखादं आणि शेवटचं, स्क्रू बसल्याचं चित्र ठेवतात. मधली सगळी पुढच्या शॉटबरोबर निघून जातात. ती ठेवायची तर रुग्णाची संमती हवी, नाव काढून टाकण्याची सोय हवी आणि ती चित्रं विष्णुपुरीतल्या त्या दुसऱ्या संस्थेपर्यंत पोचवणारं कुणी हवं. सध्या ती किती राहायची हे यंत्रातल्या डिस्कच्या आकारावर ठरतं.