हृदयाची जडणघडण (भाग ६) : परिपक्व पेशी आणि थांबलेले विभाजन

भ्रूणाच्या तिसऱ्या आठवड्यात हृदयनलिका कशी आकार घेते आणि गर्भधारणेनंतर सुमारे २२व्या दिवशी तिचे स्पंदन कसे सुरू होते, हे मागील भागात पाहिले. तेव्हापासून जन्मापर्यंत हृदयाच्या स्नायुपेशी एकाच वेळी दोन कामे करतात : आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतात आणि विभाजन पावून आपली संख्याही वाढवतात. जन्मानंतर यातील दुसरे काम झपाट्याने मंदावते आणि पुढे जवळजवळ थांबते. नवजात बालकाचे २० ग्रॅमच्या आसपास भरणारे हृदय प्रौढपणी ३०० ग्रॅमच्या घरात जाते, ते मुख्यतः असलेल्या पेशी आकाराने मोठ्या झाल्यामुळे. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तपुरवठा तुटून मेलेल्या पेशींच्या जागी नव्या स्नायुपेशी उभ्या राहत नाहीत, तर आकुंचन न पावणारा तंतुमय व्रण तयार होतो, त्याचेही मूळ येथेच आहे.

प्रौढ स्नायुपेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर ती विटेसारखी लांबट, सुमारे १०० मायक्रोमीटर किंवा त्याहून अधिक लांबीची आणि अंगभर आडवे पट्टे असलेली दिसते. हे पट्टे म्हणजे एकापुढे एक रचलेले स्नायुखंड असून प्रत्येक खंडात, ज्याची लांबी जेमतेम २ मायक्रोमीटर असते, ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांवरून सरकतात आणि त्यातून आकुंचन घडते. पेशीचा सुमारे तिसरा हिस्सा ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांनी व्यापलेला असतो. अशा ठासून भरलेल्या पेशीला दुभंगायचे असेल, तर आधी ही रचना मोडावी लागते. उंदराच्या पिलांत या अडचणीचा पुरावा प्रत्यक्ष दिसतो : जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात पेशी आपल्या डीएनएची शेवटची प्रत काढतात, त्यांचे केंद्रक दुभागतेही, परंतु पेशीचे शरीर दुभागत नाही, आणि त्यामुळे उंदराच्या बहुतेक स्नायुपेशी आयुष्यभर दोन केंद्रके बाळगून राहतात. माणसात दोन केंद्रकांच्या पेशी त्या मानाने कमी असतात, पण एकाच केंद्रकात गुणसूत्रांचे दुप्पट संच साठलेले आढळतात.

विभाजन पूर्णपणे थांबते की अगदी अल्प प्रमाणात चालू राहते, हा वाद अनेक दशके रेंगाळला होता, कारण जिवंत माणसाच्या हृदयातील पेशीचे वय मोजण्याचे साधनच नव्हते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील योनास फ्रिसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते साधन अण्वस्त्रचाचण्यांत शोधले. १९५० च्या दशकापासून झालेल्या उघड्यावरील स्फोटांनी वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण वाढले आणि १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर ते वर्षानुवर्षे उतरत गेले; हा कार्बन वनस्पतींतून अन्नात आणि अन्नातून माणसाच्या पेशींत उतरतो, आणि पेशी शेवटची विभागली तेव्हा तिच्या डीएनएत जे प्रमाण नोंदले गेले ते पुढे फारसे बदलत नाही. चाचण्यांपूर्वी जन्मलेल्या व्यक्तींच्या हृदयपेशींतही वाढलेला कार्बन-१४ सापडला, म्हणजे त्यांतील काही पेशी जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी तयार झाल्या होत्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार पंचविशीत दरवर्षी सुमारे १ टक्का, तर पंचाहत्तरीत सुमारे ०.४५ टक्के स्नायुपेशी नव्याने येतात. संहाराच्या तयारीतून उरलेल्या खुणेचा इतका विधायक उपयोग जीवशास्त्रात क्वचितच झाला असेल. व्रण भरून काढण्यास हा वेग अर्थातच अपुरा आहे, पण हृदयपेशी नव्याने निर्माण होणे प्रौढ वयातही अशक्य नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

काही प्राण्यांत मात्र ही क्षमता भरपूर असते. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील ओढ्यांत आणि भातखाचरांत आढळणाऱ्या झेब्रा माशाच्या जवनिकेचा, म्हणजे रक्त जोराने ढकलणाऱ्या कप्प्याचा, सुमारे पाचवा भाग कापून काढला, तरी दोन महिन्यांत तो पुन्हा तयार होतो, असे २००२ साली केनेथ पॉस आणि मार्क कीटिंग यांनी दाखवले. २०१० मधील प्रयोगांतून या नव्या स्नायूचा उगमही कळला : जखमेलगतच्या जुन्या स्नायुपेशी आपले स्नायुखंड अंशतः मोडतात, शेजारच्या पेशींशी असलेले बंध सैल करतात आणि मगच विभागतात. उंदराचे एक दिवसाचे पिलूही हृदयाचे कापलेले टोक सुमारे तीन आठवड्यांत भरून काढते. सात दिवसांच्या पिलाला ते जमत नाही. या आठवड्यात काय बदलते, याचा शोध डॅलस येथील हेशम सादेक यांच्या गटाला प्राणवायूपर्यंत घेऊन गेला. गर्भात कमी प्राणवायूवर जगणाऱ्या पेशी जन्मानंतर प्राणवायूने समृद्ध रक्तात येतात, तंतुकणिकांचा वापर वाढतो, त्यातून निघणाऱ्या क्रियाशील रेणूंनी डीएनएला इजा होते आणि इजा ओळखणारी यंत्रणा विभाजन रोखते. याच गटाने २०१७ मध्ये, हृदयविकाराचा झटका घडवून आणलेल्या प्रौढ उंदरांना हळूहळू केवळ ७ टक्के प्राणवायूच्या हवेत नेले असता त्यांच्या स्नायुपेशी पुन्हा विभागू लागल्याचे नोंदवले. माणसासाठी हा उपचार नव्हे. एव्हरेस्टच्या शिखरावरच्या हवेइतकी ही हवा विरळ ठरते.

संवर्धनबशीत वाढवलेल्या मानवी हृदयपेशींची अडचण नेमकी उलटी आहे. शिन्या यामानाका यांनी २००७ मध्ये मानवी त्वचेच्या पेशींपासून प्रेरित मूलपेशी, म्हणजे कोणत्याही प्रकारच्या पेशीत रूपांतरित होऊ शकणाऱ्या पेशी, घडवल्या. त्यांपासून हृदयपेशी मिळवण्याची प्रचलित रीत भ्रूणाचीच नक्कल करते : व्हिंट नावाचा संकेत आधी रसायनाने चेतवला जातो, त्यामुळे पेशी मध्यस्तराकडे, म्हणजे भ्रूणाच्या ज्या थरातून हृदय घडते त्याकडे, वळतात, आणि काही दिवसांनी तोच संकेत दाबला जातो, त्यामुळे त्या हृदयाची वाट धरतात. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास बशीतला थर आपसूक ठोके देऊ लागतो. हा आपसूकपणाच अपरिपक्वतेची खूण आहे, कारण प्रौढ जवनिकेतील पेशी संकेत आल्याखेरीज आकुंचन पावत नाही. बशीतील पेशी लहान व गोलसर असतात, त्यांचे स्नायुखंड आखूड व विस्कळीत असतात आणि ऊर्जेसाठी त्या मेदाम्लांपेक्षा साखरेवर अधिक विसंबतात. थोडक्यात, त्या गर्भातील पेशींसारख्या राहतात. सिॲटलच्या चार्ल्स मरी यांच्या गटाने २०१४ मध्ये झटका आलेल्या माकडांच्या हृदयांत भ्रूणीय मूलपेशींपासून घडवलेल्या सुमारे १०० कोटी मानवी हृदयपेशी सोडल्या, तेव्हा नवा स्नायू रुजला, माकडाच्या हृदयाशी त्याचे ठोके जुळलेही, परंतु सोबत ठोक्यांची अनियमितता उद्भवली, जी प्राणघातक मात्र ठरली नाही. रोपणापूर्वी या पेशी ताण देऊन, विद्युतस्पंदनांनी किंवा मेदाम्लांच्या आहाराने कितपत परिपक्व करता येतात, हा पुढील भागाचा विषय आहे.