उभ्या गाडीची थरथर

सांगलीत हळदीची अडत असलेल्या एका कुटुंबाच्या दारात २००५ सालची मारुती ८०० उभी असते. घरात पुढे मोठी गाडी आली. परंतु पंचाहत्तरी ओलांडलेल्या अण्णांचा हात बसलेला तो याच गाडीवर. रोज सकाळी मार्केट यार्डापर्यंत आणि संध्याकाळी मंदिरापर्यंत ते ती स्वतः चालवीत नेतात. गेल्या पावसाळ्याच्या तोंडी ही गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरू लागली. स्टिअरिंग हलावे, काचा वाजाव्यात आणि एके दिवशी भर चौकात, मागे मालट्रकांची रांग असताना, इंजिन बंदच पडावे, असे झाले. अण्णा घामाघूम होऊन घरी परतले. मुलाने त्याच रात्री गाडी भंगारात काढण्याचा विषय काढला. अण्णा काही बोलले नाहीत. पण गाडी गेली म्हणजे प्रत्येक वेळी कोणाच्या तरी सवडीची वाट पाहणे आले, हे घरातील सर्वांनाच उमजले.

इंजिन पळत असताना त्याचे दोष झाकले जातात. ते उघडे पडतात गाडी उभी असताना. गाडी वेगात असते तेव्हा चाकांचा आणि फिरत्या भागांचा जोर एखादी चुकलेली ठिणगी पचवून टाकतो. उभ्या गाडीचे गरम इंजिन मात्र मिनिटाला साधारण ८०० ते ९०० फेऱ्यांवर, अगदी थोड्या हवेवर आणि पेट्रोलवर स्वतःला जेमतेम चालते ठेवीत असते. त्यातही मारुती ८०० चे इंजिन तीन सिलिंडरचे. ९०० फेऱ्यांना त्यात सेकंदाला साडेबावीस स्फोट होतात. एक सिलिंडर गप्प बसला की उरतात पंधरा. चार सिलिंडरच्या गाडीत एक चतुर्थांश ताकद गेली तरी काही काळ निभावते. येथे एकदम एक तृतीयांश जाते, म्हणून हादरा इतका जाणवतो.

पहिल्या गॅरेजमध्ये प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोलचा फिल्टर बदलला. बिल झाले, थरथर राहिली. दुसऱ्या गॅरेजने थोडा वेळ ऐकून ‘इंजिन उघडावे लागेल’ असा निकाल दिला. येथे व्यापारी माणसाने थोडे थांबायला हवे. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी मुनीम नव्या वह्या विकत आणीत नाही. तो फरक किती, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या खात्यात, हे आधी पाहतो. गाडीच्या बाबतीत मात्र हीच माणसे तपासाआधीच सुट्या भागांची यादी मंजूर करतात. बदललेला भाग चांगला निघाला तर तो पैसा परत मिळत नाही, आणि मूळ दोष तसाच राहतो.

तिसरा मेस्त्री जुना, बाजाराच्या मागच्या गल्लीतला. त्याने बॉनेट उघडण्याआधी प्रश्न विचारले. गाडी सकाळी थंड असताना जास्त थरथरते की तापल्यावर? एसी लावल्यावर फरक पडतो का? थरथर एका ठेक्यात आहे की इंजिनाचा आवाज आपोआप वरखाली होतो? पाऊस पडल्यावर वाढते का? अण्णांनी वहीतील नोंदीसारखी उत्तरे दिली: सकाळी ओलसर हवेत ठेका चुकतो, तापल्यावर तो कमी होतो, पण मग फेऱ्या वरखाली होतात. मेस्त्री म्हणाला, “अण्णा, हे दुखणं एक नाही, दोन आहेत.”

मग त्याने इंजिन सुरू केले आणि सायलेन्सरच्या तोंडापासून थोड्या अंतरावर हात धरला. निरोगी इंजिनाचा धूर एकसारख्या झोतात येतो. येथे ठराविक अंतराने खंड पडत होता, म्हणजे एकच सिलिंडर नेहमी चुकत होता. (ही परीक्षा मोकळ्या जागेतच करावी. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवणे प्राणावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.) कोणता सिलिंडर, हे पाहण्यासाठी त्याने एकेका इंजेक्टरची जोडणी क्षणभर काढली. पहिल्या दोहोंना इंजिन आणखी डगमगले. तिसऱ्याची काढली तरी काहीच फरक पडला नाही. जो आधीच काम करीत नाही, त्याच्या रजेने अडत नाही. काही ठिकाणी यासाठी चालू गाडीत प्लगची वायर उपटतात. त्यात जोराचा विजेचा झटका बसतो, शिवाय न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागडा भाग निकामी होतो.

तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढला तर तो काळा आणि पेट्रोलने ओला. शेजारचे दोन फिकट तपकिरी, म्हणजे उत्तम. पेट्रोल पोहोचत होते, ठिणगी पोहोचत नव्हती. त्याने प्लगांची अदलाबदल केली; दोष तिसऱ्या सिलिंडरपाशीच राहिला, तेव्हा प्लग निर्दोष ठरला. मग गॅरेजातच उभ्या असलेल्या त्याच जातीच्या गाडीची प्लग वायर काढून लावली आणि इंजिनाचा ठेका जुळला. दिवेलागणीला जुनी वायर पुन्हा लावून, वर पाण्याचा हलका फवारा मारून त्याने अण्णांना अंधारात दाखविले: वायरच्या बारीक चिरेतून निळसर ठिणग्या इंजिनाच्या लोखंडाकडे उडत होत्या. ओलाव्यात हा मार्ग त्यांना अधिक सोपा होतो, म्हणून सकाळचा त्रास.

दुसरे दुखणे अधिक चिवट होते. तापल्यावर फेऱ्या वरखाली होणे, याचा अर्थ बहुधा हिशेबाबाहेरची हवा इंजिनात शिरते आहे किंवा हवेची वाट काजळीने चोंदली आहे. मेस्त्रीने थ्रॉटल बॉडी उघडून पाहिली. झडपेच्या कडेला काळा थर होता, तो द्रावणाने पुसून काढला. नंतर रबरी व्हॅक्यूम नळ्या पक्कडीने एकेक करून हलकेच दाबल्या. ब्रेक बूस्टरकडे जाणारी नळी दाबताच इंजिन शांत झाले. इंजिनाच्या उष्णतेत वीस वर्षे राहून तिचे रबर कडक झाले होते आणि टोकाशी चिरले होते. हा शोध थरथरीपेक्षा मोठा होता, कारण त्याच नळीतील निर्वातावर ब्रेक हलका लागतो. बूस्टरची साधी परीक्षा घरीही करता येते: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग दाबूनच ठेवून इंजिन सुरू करावे, पेडल थोडे खाली गेले पाहिजे. अण्णांच्या गाडीत ते खाली जातच नव्हते. वयामुळे पायातला जोर कमी झाला, असे ते समजून चालले होते.

स्कॅनर लावला असता तर हे लवकर कळले असते का? फारसे नाही. सिलिंडर चुकला की त्यातील प्राणवायू न वापरता बाहेर पडतो. सायलेन्सरमधील ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल कमी पडते आहे असे वाटते आणि संगणक आणखी पेट्रोल ओततो. यंत्रावर ‘मिश्रण पातळ’ असे येते, ग्राहक सेन्सर बदलतो, आणि गाडीचे पेट्रोल मात्र वाढतच राहते. यंत्र पत्ता सांगते, गुन्हेगार शोधावा लागतो.

इतके करूनही एखादा सिलिंडर उठला नसता, तर कॉम्प्रेशन मोजण्याची वेळ होती. दाब कमी भरला तर सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजतात. वाढला तर रिंगा झिजलेल्या, न वाढला तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर. टॅपेट घट्ट बसल्यानेही व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आणि तो केवळ जुळवून घेण्याचा प्रश्न असतो. गॅसवर चालविलेल्या जुन्या गाड्यांत हे आवर्जून पाहावे. कधी इंजिन बिचारे सुरळीत असते आणि त्याखालची रबरी फाउंडेशन बसलेली असते. धुराचा झोत एकसारखा, पण गाडी हादरते, अशा वेळी इंजिन उघडणे हा शुद्ध अपव्यय होय. इथेनॉलमिश्रित पेट्रोलचाही जुन्या रबरावर परिणाम होतो. म्हणून पेट्रोलच्या नळ्या दरवर्षी पाहाव्यात. तेथील गळती आगीला निमंत्रण असते.

अण्णांच्या गाडीला प्लग वायरचा एक संच, एक नळी आणि दोन दिवसांची मजुरी लागली. आधीच्या दोन गॅरेजांपैकी पहिल्याचे बिल यापेक्षा जास्त होते. घाई यासाठी होती की २०२० मध्ये पाच वर्षांनी वाढविलेली नोंदणी त्याच ऑगस्टमध्ये संपत होती. पीयूसीची चाचणी उभ्या इंजिनावरच होते, आणि या काळातील पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के, हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम. एक सिलिंडर न जळता पेट्रोल सोडीत असता तर दुसरा आकडा गाठणे कठीण होते. कागद घेऊन अण्णा स्वतःच गाडी चालवीत परतले. वाटेत त्याच चौकात सिग्नल लागला. त्यांनी सवयीने ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला, मग उचलला, आणि हिरवा दिवा होईपर्यंत कान देऊन बसले.