80 किलो आत, 250 किलो बाहेर!

एक किलो तेल जाळलं, तर त्यातून किती किलो वायू निघेल? ‘किलोभर, नाहीतर थोडा कमीच,’ असं म्हणणार असाल तर थांबा. उत्तर आहे तीन किलोंहून जास्त!

हे कोडं सोडवायला कराचीकडे जाऊ. कराचीच्या पश्चिमेला हब नदी अरबी समुद्राला मिळते. आपल्या कोकणाला लागतो तोच हा समुद्र. तिच्या मुखाजवळ, बलुचिस्तानच्या हद्दीत, 1997 साली तेलावरचं एक अवाढव्य वीजकेंद्र पूर्ण झालं. प्रत्येकी 323 मेगावॅटचे चार संच! उभारलं खासगी कंपनीने. वीज विकत घ्यायची सरकारने, असा लांबलचक करार.

इथलं इंधन होतं फर्नेस ऑइल. कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल काढून घेतलं की जे काळंकुट्ट उरतं, ते. काकवीसारखं दाट! गार असताना पाइपातून धड सरकतही नाही, म्हणून आधी तापवावं लागतं. मग भट्टीत त्याचा बारीक फवारा उडवतात. भडका उडतो, बॉयलरच्या नळ्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि वाफेच्या जोरावर टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे मारतं. झाली वीज!

हिशेब मांडला तर चारही संच पूर्ण जोरात चालताना सेकंदाला साधारण 80 किलो तेल लागायचं. आणि धुराड्यातून बाहेर पडायचा जवळजवळ 250 किलो कार्बन डायऑक्साइड. तोही सेकंदाला!

हे जास्तीचं वजन आलं कुठून? हवेतून. तेलातल्या कार्बनचा एक अणू जळताना ऑक्सिजनचे दोन अणू पकडतो, आणि ते दोघे मिळून त्याच्यापेक्षा कितीतरी जड असतात. म्हणजे तेल जळून संपत नाहीच. ते हवेतला ऑक्सिजन सोबत घेऊन दुसऱ्या रूपात बाहेर पडतं. तेलातलं गंधकही तसंच. एक किलो गंधकाचा दोन किलो सल्फर डायऑक्साइड होतो. तो घशाला झोंबतो आणि ढगातल्या पाण्यात मिसळला की आम्लाचा पाऊस पडतो. धुराडं उंच बांधलं की तो लांबवर पसरतो, एवढंच. नाहीसा होत नाही.

शिवाय तेलातल्या उष्णतेपैकी निम्म्याहून जास्त वीज न होताच वाया जाते. किनाऱ्यावरच्या अशा केंद्रांत वाफ गार करायला समुद्राचं पाणी वापरतात आणि कोमट झालेलं पाणी परत समुद्रात सोडतात. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, मग माशांची पंचाईत. हब नदीच्या मुखापासून जवळच चरना नावाचं बेट आहे. तिथे प्रवाळ आहेत! 2024 मध्ये त्या बेटाभोवतीचा समुद्र संरक्षित जाहीर झाला. त्याच वर्षी सरकारने या केंद्राशी केलेला करार मुदतीआधीच संपवायचं ठरवलं. पण कारण प्रवाळांचं नव्हतं, पैशांचं होतं. वीज महाग पडत होती, आणि केंद्र बंद असलं तरी कंपनीला ठरलेली रक्कम द्यावीच लागत होती.

आता घरातलं वीजबिल मागून घ्या. युनिटच्या आकड्याला चारने भागा. तेलावरच्या केंद्रात तेवढ्या विजेसाठी साधारण तितके किलो तेल जाळावं लागेल. त्याची तिप्पट केली की वायूचं वजन. आपल्याकडे मात्र बहुतेक वीज कोळशावर होते, आणि कोळशाचा आकडा याहून मोठा निघतो. तुमच्या घराचं उत्तर किती आलं, ते आम्हाला जरूर कळवा.