कूलर आणि वातानुकूलन यंत्रांची घरगुती देखभाल

कूलर आणि वातानुकूलन यंत्रांची घरगुती देखभाल म्हणजे घरातील हवा थंड करणारी यंत्रे सुरक्षित, आरोग्यास निर्धोक आणि कमी विजेत चालावीत यासाठी ठराविक काळाने करावयाची स्वच्छता, तपासणी व किरकोळ दुरुस्ती होय. महाराष्ट्रात या विषयाला सर्वाधिक महत्त्व विदर्भात, विशेषतः चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत आहे. या भागातील बहुसंख्य घरांत वातानुकूलन यंत्रापेक्षा पाण्यावर चालणारा कूलर अधिक आढळतो. दोन्ही यंत्रांचे कार्यतत्त्व भिन्न असल्यामुळे त्यांची देखभालही भिन्न आहे. दुर्लक्षित कूलरमुळे विजेचा धक्का बसणे आणि डेंग्यूच्या डासांची पैदास होणे, असे दोन गंभीर धोके संभवतात.

पार्श्वभूमी

मुलचेरा हे गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे ठिकाण असून चामोर्शी, अहेरी व एटापल्ली हे त्याचे शेजारी तालुके आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. समुद्रापासून दूर असलेल्या या प्रदेशात एप्रिल व मे महिन्यांत हवा अतिशय तापते. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी येथील कमाल तापमान अनेक वर्षी ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. मे महिन्याच्या अखेरीस, सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हाच्या पहिल्या नऊ दिवसांना विदर्भात ‘नवतपा’ म्हणतात.

यंत्रे येण्यापूर्वी मातीच्या जाड भिंती, कवेलूंचे छप्पर, अंगणातील मांडव आणि दारा-खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ओल्या ताट्या यांच्या साहाय्याने घर थंड ठेवले जात असे. वाळा हे सुगंधी मुळांचे गवत आहे. त्याच्या मुळ्यांच्या ताटीवर पाणी शिंपडले की तिच्यातून येणारी उष्ण हवा थंड व सुवासिक होते. ब्रिटिश काळात याच तत्त्वावर हाताने फिरवायच्या पंख्याचे ‘थर्मँटिडोट’ नावाचे यंत्र वापरात होते. आजचा कूलर हा त्याच परंपरेचा विद्युत अवतार म्हणता येईल. विदर्भात कूलरच्या गवती पॅडला आजही ‘ताटी’ असेच म्हणतात.

वातानुकूलन यंत्राचा इतिहास वेगळा आहे. १९०२ साली विलिस कॅरिअर या अमेरिकी अभियंत्याने न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी हवेतील आर्द्रता नियंत्रित करणारी यंत्रणा आखली. आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ तेथून मानला जातो.

कार्यतत्त्व

कूलर बाष्पीभवनाच्या तत्त्वावर चालतो. पाण्याची वाफ होताना ते भोवतालच्या हवेतून उष्णता शोषून घेते. १ लिटर पाण्याचे बाष्पीभवन होण्यास सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. सुमारे ७ किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषली जाते, तेवढीच ही होय. पंप टाकीतील पाणी वर चढवून ताट्यांवर सोडतो आणि पंखा बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत ओढतो.

हवा किती थंड होईल हे तिच्या कोरडेपणावर अवलंबून असते. बाहेर ४४ अंश तापमान व २० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर बाष्पीभवनाने हवा सिद्धान्ततः सुमारे २५ अंशांपर्यंत थंड होऊ शकते. प्रत्यक्षात सुस्थितीतील कूलरमधून ३० अंशांच्या आसपासची हवा मिळते. पावसाळ्यात तापमान ३२ अंश व आर्द्रता ८० टक्के असताना मात्र जेमतेम दोन-तीन अंशांचाच फरक पडतो. त्यामुळे मृगाच्या सरी पडल्यावर कूलर ‘काम करेनासा’ होतो, तो बिघाड नसून निसर्गनियम आहे.

कूलर सतत नवी हवा आत ढकलत असल्यामुळे ती बाहेर जाण्यासाठी समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवावे लागते. बंद खोलीत आर्द्रता वाढते, घाम वाळत नाही आणि उकाडा जाणवतो.

वातानुकूलन यंत्रात पाण्याचे बाष्पीभवन होत नाही. बंद नळ्यांतून फिरणारा शीतक वायू खोलीतील उष्णता शोषून बाहेरच्या भागातून बाहेर टाकतो. म्हणून येथे दारे-खिडक्या बंद ठेवणे आवश्यक असते. यंत्राची क्षमता ‘टन’ या एककात सांगतात. १ टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट दराने उष्णता काढून टाकण्याची क्षमता. हे यंत्राचे वजन नव्हे.

कूलरची देखभाल

हंगामापूर्वी

विदर्भात साधारणतः होळीच्या सुमारास कूलर बाहेर काढले जातात. सुरू करण्यापूर्वी पुढील कामे करावीत.

ताट्या: गवताच्या किंवा लाकडाच्या भुश्शासारख्या तंतूंच्या ताट्या एका हंगामानंतर बसतात व कुजतात, त्या दरवर्षी बदलणे इष्ट असते. मधमाशांच्या पोळ्यासारख्या छिद्रांचे ‘हनीकोंब’ पॅड स्वच्छ ठेवल्यास काही वर्षे टिकतात. ताटीत कोठेही पोकळी राहू देऊ नये. हवा कमी अडथळ्याच्या वाटेने जाते आणि पोकळीतून ती गरमच आत येते.

पाणी सोडणारी नळी: ताट्यांच्या वरील नळीची छिद्रे क्षारांनी बुजतात. ती बारीक तारेने मोकळी करावीत. ताटीचा एक भाग कोरडा राहत असल्यास त्याचे कारण बहुधा येथेच असते.

पंप: पंपाच्या तळाची जाळी व आतील फिरते चक्र स्वच्छ करावे. पाण्याविना पंप चालवल्यास तो तापून जळतो.

पंखा: पाती पुसून हाताने फिरवून पाहावीत. पंखा अडखळत असल्यास बेअरिंग किंवा बुशला वंगण द्यावे. पंखा केवळ गुणगुणतो पण फिरत नाही, किंवा हाताने ढकलल्यावरच फिरतो, अशा वेळी कपॅसिटर निकामी झालेला असण्याची शक्यता असते. बोलीभाषेत त्याला ‘कंडेन्सर’ म्हणतात. वीज बंद केल्यावरही त्यात विद्युतभार उरू शकतो, म्हणून तो जाणकाराकडूनच बदलून घ्यावा.

टाकी: लोखंडी टाकीचा गंज खरवडून, ती पूर्ण वाळवून रंग द्यावा व पाण्याने भरून गळती तपासावी.

आठवड्याची स्वच्छता

हंगामात आठवड्यातून किमान एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, आतून घासून, वाळवून पुन्हा भरावी. या एका कामाने तीन हेतू साधतात. पहिला हेतू क्षारांचा निचरा हा आहे. पाण्याची वाफ होते, पण त्यातील क्षार मागेच राहतात. वर नुसते पाणी ओतत राहिल्यास टाकीतील पाणी दिवसेंदिवस अधिक क्षारयुक्त होते आणि ताट्यांवर पांढरा थर चढतो. विहीर किंवा बोअरच्या जड पाण्याने हा थर लवकर जमतो. लिंबूसत्त्वाच्या सौम्य द्रावणाने तो बराच सुटतो. दुसरा हेतू शेवाळ व दुर्गंधी टाळणे हा आहे. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा हेतू डासांची पैदास रोखणे हा आहे.

भर उन्हात मोठ्या कूलरला तासाला १० लिटरांहूनही अधिक पाणी लागू शकते. पाणीटंचाईच्या काळात टाकीतून काढलेले पाणी अंगण शिंपण्यास किंवा झाडांना वापरता येते. मात्र ते फार क्षारयुक्त झाले असल्यास झाडांना देऊ नये.

हंगामानंतर

पावसाळा लागल्यावर टाकीत पाणी तसेच ठेवून कूलर खिडकीत सोडून देणे ही सर्वाधिक आढळणारी हयगय आहे. टाकी रिकामी करून कोरडी करावी, जुन्या ताट्या काढून टाकाव्यात, पंप सुकवून वेगळा ठेवावा आणि कूलर पावसाचे पाणी साचणार नाही अशा रीतीने झाकावा.

डास आणि रोग

डेंग्यू व चिकुनगुनिया पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास साचलेल्या, तुलनेने स्वच्छ पाण्यात वाढतो. कूलरची टाकी हे त्याचे आवडते ठिकाण आहे. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास होण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याचे आवाहन आरोग्य विभाग करतो, त्यामागे हेच गणित आहे.

नुसते पाणी ओतून देणे मात्र पुरेसे नाही. एडिसची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, टाकीच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. ही अंडी कोरड्या अवस्थेत कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी मिळताच फुटतात. त्यामुळे टाकीच्या भिंती ब्रशने घासणे अत्यावश्यक आहे. गतवर्षीचा न घासलेला कूलर यंदा थेट भरला, तर पहिल्याच आठवड्यात अळ्या दिसू शकतात.

गडचिरोली जिल्हा हिवतापासाठी दीर्घकाळ संवेदनशील मानला जातो. हिवतापाचा वाहक अ‍ॅनाफिलीस डास मुख्यतः रात्री चावतो, म्हणून मच्छरदाणी त्याविरुद्ध प्रभावी ठरते. एडिस मात्र प्रामुख्याने दिवसा, विशेषतः सकाळी व सायंकाळी सूर्यास्तापूर्वी चावतो. केवळ रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबून असणाऱ्या घरालाही म्हणूनच कूलरची स्वच्छता टाळता येत नाही.

विद्युत सुरक्षा

कूलरमध्ये पाणी, वीज आणि बहुधा लोखंडी सांगाडा एकत्र येतात. पंपाच्या किंवा पंख्याच्या तारेचे आवरण झिजले की सांगाड्यात वीज उतरते. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा हात त्याला लागल्यास वीजप्रवाह त्याच्या शरीरातून जमिनीत जातो. दर उन्हाळ्यात विदर्भात असे प्राणघातक अपघात घडतात आणि महावितरण कंपनीही हंगामाच्या आरंभी दक्षतेचे आवाहन करते.

मुख्य दक्षता पुढीलप्रमाणे आहेत:

१. पाणी भरण्यापूर्वी, टाकीत हात घालण्यापूर्वी व कूलर सरकवण्यापूर्वी बटण बंद करून प्लगही काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नसते. जोडणी चुकीची असल्यास बटण बंद असूनही यंत्रापर्यंत वीज पोहोचत राहते.
२. तीन पिनांचाच प्लग वापरावा. तिसरी, जाड पिन अर्थिंगची असते. ती काढून टाकणे म्हणजे संरक्षणच काढून टाकणे होय.
३. घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. जमीन कोरडी पडली की अर्थिंगची परिणामकारकता घटते. म्हणून ऐन उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे.
४. ३० मिलिअँपिअर क्षमतेचे गळतीरोधक बटण बसवावे. वीज जमिनीकडे गळू लागताच ते पुरवठा क्षणार्धात तोडते. साधा फ्यूज हे काम करू शकत नाही.
५. तारेचे जोड पाण्यापासून दूर ठेवावेत आणि लहान मुलांना कूलरला हात लावू देऊ नये.

कोणाला धक्का बसल्यास त्याला थेट स्पर्श करू नये. प्रथम मुख्य बटण बंद करावे. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडी काठीने त्याला विजेपासून दूर करावे आणि तत्काळ वैद्यकीय मदत बोलवावी.

वातानुकूलन यंत्राची देखभाल

गाळणी: खोलीतील भागाची जाळीदार गाळणी दर दोन आठवड्यांनी काढून साध्या पाण्याने धुवावी आणि सावलीत वाळवून बसवावी. धूळ साचल्यास हवा कमी वाहते, यंत्र अधिक वेळ चालते आणि प्रसंगी आतील नळ्यांवर बर्फ जमतो. कोळसा खाणी व औष्णिक वीज केंद्र असलेल्या चंद्रपूर परिसरासारख्या धुळीच्या जागी हे काम अधिक वेळा करावे लागते.

बाहेरील भाग: त्याच्याभोवती हवा खेळती हवी. पाला व कोळिष्टके काढावीत. पातळ धातूच्या पट्ट्या सहज वाकत असल्याने त्या पाण्याच्या जोरदार झोताने धुऊ नयेत.

निचरा: हवेतील बाष्पाचे पाणी वाहून नेणारी नळी तुंबल्यास पाणी खोलीत ठिबकते. नळीला सलग उतार असावा.

शीतक वायू: ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ हा समज चुकीचा आहे. वायू बंद नळ्यांत फिरतो, तो खर्च होत नाही. तो कमी झाला असल्यास कोठेतरी गळती आहे असे समजावे आणि ती बुजवल्याशिवाय वायू भरून घेऊ नये. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू ओझोन थराला अपायकारक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने वापरातून जात आहे. नव्या यंत्रांतील आर-३२ ओझोनला हानी करत नाही. पण तो सौम्य ज्वलनशील आहे, म्हणून त्याचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

तापमान: ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-वातानुकूलन यंत्रे सुरू होताना आपोआप २४ अंशांवर असतात. त्याखाली तापमान नेल्यास विजेचा वापर वाढतो. दीड टनाचे यंत्र पूर्ण भारावर सुमारे १,५०० वॅट वीज घेते, तर घरगुती कूलर बहुधा १०० ते २५० वॅट. ज्या भागात वीजदाब कमी-अधिक होतो, तेथे यंत्रासाठी योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर वापरणे हितावह असते.

वार्षिक वेळापत्रक

फेब्रुवारी-मार्च: ताट्या बदलणे, पंप, पंखा, तारा व अर्थिंग यांची तपासणी, वातानुकूलन यंत्राची तंत्रज्ञाकडून सेवा.
एप्रिल-मे: दर आठवड्यास टाकी घासून कोरडी करणे, दर दोन आठवड्यांनी गाळणी धुणे, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी.
जून: कूलर रिकामा करून, वाळवून झाकणे.
जुलै ते ऑक्टोबर: ठेवलेल्या कूलरमध्ये पावसाचे पाणी साचले नाही ना, हे दर आठवड्यास पाहणे.

हे सुद्धा पहा

बाष्पीभवन
वाळा
डेंग्यू ताप
उष्माघात
मुलचेरा तालुका