बंद पडलेलं इंजिन भंगारात काढण्याआधी



रोहिणी नक्षत्र लागलं की गावोगावच्या अवजार बँकेतून पॉवर विडर, फवारणी पंप, पाण्याचा पेट्रोल पंप बाहेर निघतो. दिवाळीपासून त्याला कोणी हात लावलेला नसतो. दोन-तीन जणी दोरी ओढून ओढून दमतात, इंजिन काही सुरू होत नाही. मग कोणीतरी म्हणतं, "गेलं हे, द्या भंगारात." पण गटाने कर्ज काढून घेतलेलं यंत्र असं सोडायचं नाही. पडून राहिलेलं इंजिन बरेचदा बिघडलेलं नसतं, त्याच्यातलं पेट्रोल बिघडलेलं असतं.

असं का होतं? पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं छिद्र सुईच्या टोकाएवढं असतं, ते तेवढ्याने बुजतं. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ना, तसं इथेनॉलही हवेतली ओल ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं आणि इंजिनात आधी तेच जातं.

म्हणून आधी दोरी ओढायची नाही. या क्रमाने तपासा:

1. यंत्र अंगणात, सपाट जागी आणा. चूल, विडी, दिवा जवळ नको. उंदरांनी घर केलंय का, पेट्रोलची नळी कुरतडली किंवा तडकली आहे का, ते बघा. खराब नळी बदलाच.

2. जुनं पेट्रोल टाकीतून पूर्ण काढा. कार्बोरेटरच्या वाटीखाली स्क्रू असेल तर तो सैल करून तिथलंही काढा. हे पेट्रोल विहिरीजवळ, नाल्यात किंवा चुलीत टाकू नका. बंद डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

3. एअर फिल्टर उघडा. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. कागदाचा असेल तर धुवायचा नाही, झटकायचा. फाटला असेल तर बदलायचा.

4. ऑइल पट्टीवर बघा. फार काळं किंवा दुधाळ दिसलं तर बदला. दुधाळ म्हणजे आत पाणी गेलंय. काही इंजिनं ऑइल कमी असलं की सुरूच होत नाहीत. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं इंजिन असेल तर प्रमाण पुस्तिकेत बघा. 40 ला 1 लिहिलं असेल तर 1 लिटर पेट्रोलला 25 मिली. अंदाजाने ओतू नका, औषधाच्या मापाने मोजा.

5. प्लग पान्याने काढा. काळा झाला असेल तर तारेच्या ब्रशने साफ करा. झिजला असेल तर नवा घ्या. प्लगच्या भोकात इंजिन ऑइलचे चार-पाच थेंब टाका, थोडा वेळ थांबा आणि दोरी सावकाश ओढा. इंजिन आत मोकळं फिरलं पाहिजे. अडकलं तर जोर लावू नका, इथे मेकॅनिकच हवा.

6. प्लग बसवा, ताजं पेट्रोल थोडंच भरा. कॉक उघडा, बटण चालू करा, चोक लावा, मग दोरी ओढा. सुरू झालं की चोक हळूहळू काढा. सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर कार्बोरेटरचं छिद्र बुजलेलं असण्याची शक्यता जास्त. मेकॅनिकला नेमकं हेच सांगा, म्हणजे तो नको ते खोलत बसणार नाही.

पाण्याचा पंप असेल तर आधी त्याच्या पोटात पाणी भरा. कोरडा चालवला तर सील जळतं. कोकणात होडीच्या मागे लावतात त्या इंजिनालाही हाच नियम: पाण्याशिवाय चालवायचं नाही.

इंजिन खोलीत किंवा गोदामात चालवू नका. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, कळायच्या आत माणूस बेशुद्ध पडतो. पदर खोचा, वेणी बांधा, लेकरांना लांब ठेवा. सायलेन्सर भाजतो.

कापूस-मका उगवला की पंधरा-वीस दिवसांत निंदणीची घाई सुटते आणि विडरला मागणी येते. तेव्हा यंत्र आठ दिवस गॅरेजला पडलं तर गटाचं भाडं बुडतं आणि हप्ता मात्र भरावाच लागतो. म्हणून ही तपासणी पेरणीआधी करा.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा, उरलंसुरलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, प्लगच्या भोकात ऑइलचे थेंब टाका आणि यंत्र फळीवर झाकून ठेवा. तारीख, ऑइल, प्लग आणि कोणी तपासलं, हे अवजार बँकेच्या नोंदवहीत लिहा. पुढच्या वर्षी ज्या सखीकडे किल्ली असेल तिला ती नोंद कामाला येईल.