जिभेखालची दहा मिनिटं

बुप्रेनॉर्फिन हे गर्दाच्या, म्हणजे हेरॉईनच्या, व्यसनावरचं औषध. त्याची गोळी उपचार केंद्रावर गोळीच्या रूपात कुणाच्या हातात पडत नाही. परिचारिका ती चुरून तिची भुकटी करते. समोरचा माणूस तोंड उघडतो, जीभ टाळूला लावतो आणि भुकटी जिभेखाली पडते. मग बाकावर बसायचं. बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, लाळसुद्धा शक्यतो गिळायची नाही. पाच-दहा मिनिटांत भुकटी विरघळते. गिळली तर बरंचसं औषध यकृतातच निकामी होतं. जिभेखालून ते थेट रक्तात उतरतं. शेवटी पुन्हा तोंड उघडून दाखवायचं, नोंदवहीत सही करायची किंवा अंगठा उठवायचा, आणि माणूस कामाला जायला मोकळा.

मुंबईतल्या अशा एका केंद्रावर बसून मी हे पाहिलं. नाशिकमध्ये व्यसनी मुलांच्या घरच्यांशी बोलण्याचं काम मी करते, आणि हे औषध नेमकं कसं दिलं जातं ते डोळ्यांनी पाहायचं होतं. रांगेत हमाल होते, रिक्षावाले होते, भंगार गोळा करणारे होते. कुणी झिंगलेला नव्हता. गर्द मेंदूत ज्या जागी जाऊन बसतो, तिथेच हे औषध बसतं, पण त्याचा जोर अर्धवटच असतो. नीट बसवलेल्या डोसवर नशा चढत नाही आणि टर्कीही, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रासही, येत नाही. जागा आधीच अडलेली असल्यामुळे वरून गर्द ओढला तरी फारसा लागत नाही. बहुतेकांना दिवसातून एकदा पुरतं.

सुरुवात करणं मात्र कौशल्याचं काम आहे. गर्द अंगात असताना औषध दिलं, तर औषधच टर्की आणतं. म्हणून आधी टर्की सुरू होऊ द्यावी लागते. परिचारिका बाहुल्या किती मोठ्या झाल्यात ते बघते, नाडी मोजते. नाक गळतंय का, जांभया येताहेत का, अंगावर काटा आहे का, घाम किती आहे, अशा अकरा लक्षणांना गुण देते. बेरीज पुरेशी झाली की पहिल्या दिवशी दोन-चार मिलिग्रॅम. थांबायचं, पाहायचं, लागलं तर वाढवायचं. ती एका नवख्या मुलाला म्हणाली, “अजून तासभर कळ काढ रे बाळा, आत्ता दिलं तर जास्त त्रास होईल.” तो पोट धरून भिंतीला टेकून बसला. तासाभराने औषध मिळालं आणि दुपारपर्यंत तो चहा पिऊ शकत होता.

या रांगेतला माणूस पोलिसांनी उचलला की त्या दिवशीच डोस तुटतो. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन. बुप्रेनॉर्फिन शरीरातून हळू उतरतं, त्यामुळे टर्की दोन-तीन दिवसांनी येते. गर्दवाल्याला ती काही तासांतच गाठते. भरलेल्या बराकीत उलट्या, जुलाब, हाडांत ठणका, रात्र-रात्र जाग. शेजारचे वैतागतात, पहाऱ्यावरच्याला नाटक वाटतं. नुसत्या टर्कीने धडधाकट माणूस सहसा मरत नाही, पण पाणी कमी पडलं तर तेही घडतं.

याहून मोठा धोका सुटकेनंतर असतो, आणि तो लोकांच्या ध्यानीमनीही नसतो. आत गर्द मिळत नाही तेव्हा शरीराची सवय मोडते. ओढ मोडत नाही. माणूस बाहेर येऊन जुन्या मापाने घेतो आणि त्याचा श्वास थांबतो. नाशिकरोडची एक आई मला म्हणाली, “ताई, आत दीड वर्ष चांगला राहिला हो. बाहेर आल्यावर एकदाच घेतली.” सुटून आठवडाही झाला नव्हता. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतरांच्या १२९ पट निघाला. अमेरिकेतल्याच ऱ्होड आयलंडने २०१६ मध्ये राज्यातल्या सगळ्या कैद्यांसाठी असे औषधोपचार सुरू केले. एका वर्षात ओव्हरडोसच्या बळींमधलं नुकत्याच सुटलेल्यांचं प्रमाण १४.५ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर आलं.

हे परदेशातच जमतं असं नाही. दिल्लीच्या तिहारमध्ये एम्सच्या डॉक्टरांच्या मदतीने २००८ मध्येच बुप्रेनॉर्फिन सुरू झालं. पंजाबनेही ते आपल्या तुरुंगांत नेलं. तुरुंगाच्या बाजूने शंका येते ती गोळी बराकीत विकली जाण्याची, आणि ती खरी आहे; तसं घडतं. म्हणूनच ती भुकटी, ते दहा मिनिटं बसणं, ते तोंड उघडून दाखवणं. क्षयाच्या गोळ्या समोर उभं राहून द्यायची पद्धत आपल्या आरोग्ययंत्रणेला नवी नाही. रोज मोजणी होते, रोज ठरल्या वेळी दार उघडतं, रोज माणूस जागेवर सापडतो, अशी जागा तुरुंगाइतकी दुसरी कोणती? बाहेर निम्मी धडपड माणसाला रोज केंद्रावर आणण्यातच जाते.

नाशिकमध्ये सध्या बोलणं होतं ते एमडीचं, म्हणजे मेफेड्रोनचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिंदे गावातल्या एमडीच्या कारखान्यावर मुंबई पोलिसांनी छापा घातल्यापासून तर जास्तच. एमडीवर असं बदली औषध नाही. तिथे समुपदेशन आणि लक्षणांपुरते उपचार एवढंच हाती असतं. पण त्या गोंगाटात गर्दवाले आणि मालेगावकडे कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पिणारे झाकले जातात. कोडीन अफूच्याच कुळातलं आहे. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक देशात असल्याचं सांगितलं. त्यांच्यासाठी औषध आहे, स्वस्त आहे, आणि कायदाही आडवा येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे विकार मानसिक आजारांत धरले आणि कैद्यांच्या मानसोपचारासाठी स्वतंत्र कलम दिलं.

घरचे लोक विचारतात, “एक नशा सोडवून दुसरी लावताय का?” मी त्यांना रांगेतल्या माणसाबद्दल सांगते. तो सकाळी डोस घेतो, दिवसभर ओझी वाहतो, संध्याकाळी पैसे घरी देतो. पुढे डोस हळूहळू कमीही करता येतो, पण त्याची घाई झाली की माणूस पुन्हा गर्दाकडे वळतो. हे पटायला वेळ लागतो. तेवढा वेळ मी देते.

नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात शिक्षा झालेले आहेत, तसे कच्चे कैदीही. कच्च्या कैद्याची सुटका कधी होईल ते कुणालाच माहीत नसतं. जामिनाचा कागद तुरुंगाच्या पेटीत पडतो, पेटी ठरल्या वेळी उघडते, आणि माणूस बाहेर येतो तो बहुधा संध्याकाळी. औषधाचं केंद्र सकाळी चालतं. मधली रात्र धोक्याची, आणि तिची तयारी आत असतानाच व्हायला हवी. कैदी दाखल होताना विचारणा, डोस कुठे चालू होता त्या केंद्राला फोन, सुटताना हातात दुसऱ्या दिवशीच्या केंद्राचा पत्ता आणि आजच्या डोसची नोंद असलेली चिठ्ठी. तुरुंगाचे वैद्यकीय अधिकारी आणि जिल्हा रुग्णालय यांनी एवढं ठरवून घेतलं, तर नाशिकच्या तुरुंगात या उपचारांची सुरुवात एका खोलीत, एका परिचारिकेच्या भरवशावर होऊ शकते.