स्कॅन, पिन आणि साउंडबॉक्सचा आवाज

मोबाइलवरून पैसे देण्याची यूपीआय ही पद्धत भारतात 11 एप्रिल 2016 रोजी मुंबईत सुरू झाली. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ती उभारली आणि रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते 21 बँकांसह तिची चाचणी सुरू झाली. त्याच वर्षी मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी आली. ऑगस्ट 2023मध्ये एकाच महिन्यातील व्यवहारांच्या संख्येने प्रथमच 1000 कोटींचा टप्पा ओलांडला.

या पद्धतीत पैसे अ‍ॅपमध्ये साठत नाहीत. ते एका बँक खात्यातून थेट दुसऱ्या खात्यात जातात. नोंदणीच्या वेळी फोनमधल्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस आपोआप जातो आणि क्रमांक व हँडसेट यांची जोडी जुळते. म्हणूनच सिम किंवा फोन बदलला की नोंदणी पुन्हा करावी लागते. पिन टाकल्यावर तो गुप्त स्वरूपात बँकेकडे पोहोचतो, अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीला दिसत नाही. बँक आधी देणाऱ्याच्या खात्यातून रक्कम वजा करते, मग घेणाऱ्याच्या खात्यात ती जमा होते आणि दोन्हीकडे निरोप जातो. हे सारे काही सेकंदांत उरकते.

दुकानदाराच्या बाजूला मात्र लागतो तो फक्त क्यूआर कोडचा एक छापील कागद. क्यूआर कोड 1994मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला, तोही मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. त्याच्या तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कॅमेऱ्याला दिशा सांगतात, त्यामुळे फोन तिरका धरला तरी कोड वाचला जातो. माहितीबरोबर दुरुस्तीसाठीचा जादा मजकूरही त्यात गुंफलेला असतो. वडापावच्या गाडीवरचा स्टिकर तेलाने डागाळला किंवा एका कडेला फाटला, तरी तो बहुतेक वेळा चालतो. कार्ड स्वाइप करण्याचे यंत्र लहान विक्रेत्याला कधी परवडले नाही. हा कागद परवडला.

अडचण होती ती खात्री करून घेण्याची. गर्दीच्या वेळी गिऱ्हाईक फोनची स्क्रीन दाखवून निघून जाई. व्यवहार पूर्ण झाल्याचा खोटा देखावा उभा करणारी अ‍ॅपही निघाली होती. जमा झालेली रक्कम बोलून सांगणाऱ्या साउंडबॉक्स या डब्याने हा प्रश्न फार चांगल्या रीतीने सोडवला. त्याच्यात स्वतःचे सिम असते आणि पैसे जमा झाल्याचा संदेश त्याला पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडून मिळतो. गिऱ्हाइकाच्या फोनशी त्याचा संबंध नसतो. हात पिठाने भरलेले असोत की तराजूत गुंतलेले, रक्कम कानावर पडते, तीही मराठीतून. रोज शेकडो लहान रकमा घेणाऱ्या माणसासाठी मोठ्या स्क्रीनच्या महागड्या फोनपेक्षा हा डबा अधिक मोलाचा आहे. नेटवर्क कमकुवत असले तर तो उशिरा बोलतो. तेव्हा खाते तपासणे हाच उपाय. व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेण्याची पद्धत जानेवारी 2020पासून बंद आहे, त्यामुळे अशा डब्यांचे मासिक भाडे हे कंपन्यांच्या कमाईचे एक साधन झाले आहे.

पुढचा भर लहान रकमा आणि साधे फोन यांच्यावर आहे. 2022मध्ये आलेल्या यूपीआय लाइटमध्ये थोडी रक्कम आधीच बाजूला ठेवली जाते आणि चहा-बिस्किटाचे पैसे पिनशिवाय देता येतात. त्याच वर्षी आलेली यूपीआय 123पे ही सेवा बटणांच्या फोनसाठी आहे. त्यात ठरावीक क्रमांकावर फोन लावून, सूचना ऐकत आकडे दाबून पैसे पाठवता येतात. गावाकडच्या वृद्धांच्या हाती अजूनही असेच फोन असतात, हे ध्यानात घेता या सेवेची माहिती बँकांनी फार कमी लोकांपर्यंत पोहोचवली आहे.

फसवणुकीचे बहुतेक प्रकार यंत्रणा फोडून होत नाहीत, माणसाला गोंधळवून होतात. “पैसे मिळवण्यासाठी पिन टाका” असे सांगणारा प्रत्येक फोन खोटा असतो, कारण पैसे घेताना पिन लागतच नाही. दुकानाच्या क्यूआर कोडवर रात्रीतून दुसऱ्याच खात्याचा स्टिकर चिकटवण्याचेही प्रकार घडले आहेत. स्कॅन केल्यावर दिसणारे नाव मोठ्याने वाचून विचारले की ते उघडे पडतात. फसवणूक झाल्यास 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी लागते. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भराभर फिरवले जातात आणि ते काढून घेतले जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तरच बँकांना ती रक्कम गोठवता येते.